पुरण, डुक्कर आणि आत्याचे हात

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे, आणि खरं सांगायचं तर रागानेच बसले आहे. पस्तीस वर्षं वर्गात राग गिळायची सवय होती, निवृत्तीनंतर ती मोडली. तेव्हा ज्यांना नुसती पाककृती हवी आहे त्यांनी खुशाल मधला भाग वाचून पळावं. ज्यांनी मला दुखावलं आहे त्यांनी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं. नातेवाईक इथे येऊन वाचतात हे मला ठाऊक आहे. कॉमेंट देत नाहीत, पण वाचतात!

झालं ते असं. सध्या मी लेकीकडे कॅलिफोर्नियात, सॅन होजेला आहे. मागच्या रविवारी स्लो कुकरमध्ये मेक्सिकन पद्धतीचं डुकराचं मांस केलं. छान झालं म्हणून हौसेने फोटो काढला आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. अर्धा तास कोणी काही बोललं नाही. मग भाच्याचा निरोप आला, ग्रुपवर नाही, मला एकटीला: "आत्या, राग मानू नकोस, पण यंदा गौरीच्या पुरणाला तू हात लावू नकोस. आईला बरं वाटत नाही ते."

चाळीस वर्षं त्या घरात गौरीचं पुरण मी वाटलं आहे. आधी पाट्यावर, मग पुरणयंत्रात. वहिनीला सून म्हणून आल्यावर पोळी लाटायला मी शिकवलं. आणि आता माझे हात बाटले!

बरं, आमचं घर काही शाकाहारी नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार सोडला तर मटण चालतं, बांगडा चालतो, आषाढातल्या शेवटच्या रविवारी तर कोंबडीवर अशी झुंबड असते की विचारू नका. माळकरी माणसाने मला बोल लावला असता तर मी मान खाली घालून ऐकलं असतं. त्याचा नेम आहे, तो तो पाळतो. पण बोकड खाणाऱ्याने डुक्कर खाणाऱ्याला नाक मुरडायचं, याला नेम म्हणत नाहीत. याला काय म्हणतात ते पुढे सांगते.

आधी हे मांस माझ्या ताटात आलं कसं ते ऐका. मागच्या वर्षी लेकीच्या पाठीचं ऑपरेशन झालं. जावई दिवसभर कामावर, मी इथे नवखी, गाडी चालवता येत नाही. शेजारी एक मेक्सिकन कुटुंब आहे, मूळचं मिचोआकान राज्यातलं. त्या बाई चार दिवस रोज संध्याकाळी झाकलेलं भांडं घेऊन यायच्या. त्यांना मराठी येत नाही, मला स्पॅनिश येत नाही, दोघींचं इंग्रजी यथातथाच. तिसऱ्या दिवशीच्या भांड्यात डुक्कर होतं. लेकीने हळूच सांगितलं, "आई, तुला नको असेल तर राहू दे." मी त्या बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि ताट पुढे केलं. आपल्या अडचणीत जो शिजवून आणतो त्याचं अन्न नाकारायचं नसतं, हे मला माझ्या आईने शिकवलंय. हीच शिकवण वहिनीलाही असणार.

आता पाककृती. या पदार्थाचं नाव कार्नितास, म्हणजे मांसाचे छोटे तुकडे. मिचोआकानातलं किरोगा हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे तांब्याच्या मोठ्या कढईत, डुकराच्याच चरबीत, मांस मंद आचेवर तासन् तास शिजवतात. ती तांब्याची भांडी त्याच राज्यातल्या सांता क्लारा देल कोब्रे या गावचे कारागीर ठोकून घडवतात. आपल्याकडच्या तांबटांची आठवण होते. तेव्हा स्लो कुकरमधलं माझं ते खरं कार्नितास नव्हे. शेजारच्या आजोबांनीही ते मला हसत हसत सांगितलं, आणि शेवटी तीनदा वाढून घेतलं. :-)

खांद्याचं मांस घ्यायचं. इथे त्याला बोस्टन बट म्हणतात, हाडासकट मिळालं तर उत्तम. कमरेकडचं बिनचरबीचं मांस यासाठी नको, ते चोथा होतं. दोन किलोला चार छोटे चमचे मीठ, दोन चमचे जिरेपूड, एक चमचा मिरपूड, दोन चमचे ओरेगॅनो. मेक्सिकन ओरेगॅनो पिझ्झावरच्या ओरेगॅनोहून वेगळ्याच झाडाचा असतो, मिळाला तर तो घ्या. हे सगळं मांसाला चोळायचं. कुकरमध्ये तळाला एक मोठा कांदा चिरून, आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन तमालपत्रं, एक-दोन हिरव्या मिरच्या. वर मांस, त्यावर दोन संत्र्यांचा आणि दोन लिंबांचा रस. पाणी घालायचं नाही, मांसाचं पाणी सुटतं. झाकण लावून 'लो' वर आठ ते दहा तास, आणि मधे झाकण उघडून डोकवायचं नाही! दर वेळी वाफ जाते आणि वेळ वाढतो. वर्गात मी मुलांना म्हणायचे, बी पेरलंय ना, मग रोज उकरून बघू नका. तसंच हे.

खांद्याचं मांस चिवट असतं, कारण ते जनावराच्या सतत राबणाऱ्या स्नायूंचं असतं, त्यात चिवट ऊती फार. त्यातलं कोलॅजन मंद उष्णतेत बराच वेळ राहिलं की विरघळून त्याचं जिलेटिन होतं. मांस 63 अंश सेल्सिअसला खाण्याजोगं होतं, पण काट्याने सुटं होण्यासाठी आत 90 ते 95 अंश व्हावे लागतात. मग दोन काट्यांनी ते पिंजायचं, ताटात पसरायचं, अंगचा रस थोडा शिंपडायचा आणि ओव्हनच्या वरच्या जाळाखाली पाच-सात मिनिटं ठेवायचं. कडा कुरकुरीत होतात. ही पायरी टाळली तर नुसतं उकडलेलं लागतं. मक्याची टॉर्टिया तव्यावर गरम करून त्यात हे मांस, बारीक कांदा, कोथिंबीर, वर लिंबू.

दोन सूचना. फ्रीजरमधलं गोठलेलं मांस थेट यात टाकू नका, ते फार वेळ कोमट राहतं आणि जंतूंचं फावतं. आणि आपल्या बायका या भांड्यात राजमाही टाकतील म्हणून सांगते, कच्चा राजमा आधी दहा मिनिटं खळखळ उकळून घ्या. त्यातलं विष मंद आचेने जात नाही.

झाली पाककृती. आता भांडण.

पहिला आक्षेप एका मावसबहिणीचा: "यंत्रात टाकायचं आणि झोपायचं, हा काय स्वयंपाक?" अगं, आपल्या आजीच्या चुलीला वैल होता की नाही? चुलीची उरलेली धग जिथे जायची तो वैल. त्यावर हुलग्याचं माडगं, आमटी दिवसभर रटरटत असायची आणि आजी शेतावर. ती आळशी होती का? हा कुकर म्हणजे विजेवरचा वैल आहे. त्याची जन्मकथाही गमतीची आहे. अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या ज्यू गृहस्थाने तो शोधला, 1940 साली पेटंट मिळालं. कल्पना सुचली आईच्या आठवणीतून. लिथुआनियातल्या गावी ज्यू बायका शुक्रवारी संध्याकाळी चोलेंटचं भांडं बेकरीच्या भट्टीत ठेवायच्या, कारण शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही. रात्रभर उरलेल्या धगीवर ते शिजायचं. 1970 साली रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि 1971 पासून ते भांडं क्रॉक-पॉट या नावाने घरोघरी गेलं. ज्या धर्मात डुक्कर निषिद्ध, त्यातल्या आईच्या आठवणीतून आलेल्या भांड्यात आज जग डुक्कर शिजवतं. भांडं बाटलं नाही. माझे हात बाटले.

दुसरा आक्षेप: "आपली संस्कृती नाही ही." ठीक आहे. एकादशीचं ताट मांडा. साबुदाणा कसावा नावाच्या कंदाचा, तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणे तिथलेच. बटाटा अँडीज पर्वतातला. हिरवी मिरची मेक्सिकोची. राजगिऱ्याचं धान्यही मूळ मेक्सिकोकडचंच. तिथे अजून राजगिऱ्याच्या लाह्या मधात घालून वडी करतात, तिला आलेग्रिया म्हणतात, म्हणजे आनंद. अगदी आपली राजगिऱ्याची वडी! आपला सगळा उपास त्या खंडाच्या जिवावर चालतो. आणि त्यांच्याकडे डुक्कर कुठलं? तेही तिथलं नव्हे. कोलंबसाने 1493 च्या दुसऱ्या सफरीत डुकरं नेली, आणि 1519 ते 1521 च्या स्वारीत व त्यानंतर स्पॅनिश लोकांनी ती मेक्सिकोत पसरवली. कांदा, लसूण, जिरं, कोथिंबीर, संत्रं, सगळं बाहेरून गेलेलं. त्यांचा मका आणि त्यांची मिरची यांनी या परक्यांना घरात घेतलं, आणि त्याचं आज मिचोआकानचं भूषण झालं. आपल्याकडे गोव्यात सोरपोतेल होतं, कोडगूत पंदी करी होते, ईशान्येत तर विचारूच नका. तीही माणसं आपल्याच देशातली. आणि गौरीचंच म्हणाल तर कोकणात कितीतरी घरांत तिला तिखटाचा नैवेद्य असतो, मटणाचा, माशांचा. गौर अजून रुसून गेलेली नाही.

तिसरा आक्षेप: "किळसवाणं जनावर, मेंदूत किडे होतात." याचं उत्तर नीट द्यायला हवं, कारण यात भीती आहे. डुकराचं कच्चं-अर्धकच्चं मांस खाल्लं तर पोटात पट्टकृमी होऊ शकतो, हे खरं. म्हणून ते नीट शिजवायचं. पण मेंदूत गाठी होतात त्या मांस खाल्ल्याने नव्हे, तर त्या कृमीची अंडी तोंडात गेल्याने. ती अंडी बाहेर पडतात माणसाच्या विष्ठेतून. ती पाण्यात, भाजीवर, न धुतलेल्या हातांवर येतात. जन्मात मांसाला न शिवलेल्या माणसालाही तो आजार होतो. म्हणजे दोष संडास नसण्याचा, हात न धुण्याचा. गावातलं डुक्कर घाणीत फिरायचं, कारण ती घाण आपण तिथे केलेली असायची. आपली घाण खाणाऱ्याला आपणच घाणेरडं म्हणायचं, ही आपली जुनी रीत आहे. आणि ती फक्त डुकराच्याच बाबतीत नाही.

आता खरं बोलते. ही किळस जनावराची नाही, ते खाणाऱ्या माणसांची आहे. आपल्या गावात डुकरं कोण पाळायचं, कोण खायचं, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच तर बोकड चालतो आणि डुक्कर चालत नाही. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक 2015 साली आलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरी काय शिजायचं आणि ते का शिजायचं, हे त्यात लिहिलंय. मी ते निवृत्तीनंतर वाचलं. पस्तीस वर्षं मराठी शिकवून ते ताट मला माहीत नव्हतं, याची लाज वाटली.

याहून मोठी लाज सांगते. 1979 चं साल असेल. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याच्या वस्तीवर डुकरं पाळत. मधल्या सुट्टीत तो डबा घेऊन व्हरांड्याच्या टोकाला बसायचा. एकदा पाऊस होता म्हणून वर्गातच बसला. डबा उघडला तसे शेजारची चार मुलं आपापली बसकरं उचलून पलीकडे गेली. कोणी काही बोललं नाही. मी टेबलापाशी वह्या तपासत होते. मी पाहिलं, आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. त्याने डबा तसाच बंद केला. पुढे दहावीच्या आधीच त्याने शाळा सोडली. त्या डब्यामुळेच सोडली असं मी म्हणणार नाही, मला ते माहीत नाही. पण मी त्या दिवशी उठून त्याच्या शेजारी बसू शकले असते. मला कोणी अडवलं नव्हतं.

तेव्हा बाळा, आत्याचा राग पुरणाचा नाही. तुझा निरोप वाचला तेव्हा मला ती बसकरं उचलल्याचा आवाज आला. या वेळी उचलणारे माझ्या घरचे होते, आणि बाजूला बसवलेली मी. एका निरोपाने मला इतकं लागलं, तर त्या पोराला वर्षभर काय लागत असेल?

तू डुक्कर खावंस असा माझा आग्रह नाही. वहिनीला वास सोसत नसेल तर तिच्या घरात मी ते कधीच करणार नाही. काय खायचं नाही हे ठरवायचा हक्क ज्याचा त्याला आहे. पण दुसऱ्याने काय खाल्लं यावरून त्याच्या हाताचं घ्यायचं की नाही हे ठरवणं, याला आवडनिवड म्हणत नाहीत. त्याला शिवाशीव म्हणतात. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता बंद केली, हे तुला नागरिकशास्त्रात मीच शिकवलंय. तुला त्यात पैकीच्या पैकी गुण होते!

मी गणपतीच्या आधी परत येते आहे. गौरीजेवणाच्या दिवशी माझ्या स्वतःच्या घरी, माझ्या याच हातांनी पुरण वाटेन. ज्याला यायचं त्याने यावं, कटाची आमटी भरपूर असेल. तुला आणि वहिनीला आमंत्रण वेगळं देत नाही, घरच्यांना द्यायचं नसतं.

स्लो कुकर मात्र लेकीकडेच ठेवून येते आहे. इथल्या विजेचा आणि तिथल्या विजेचा व्होल्टेज जुळत नाही. तिथे आल्यावर जाड बुडाचं पातेलं आणि बारीक गॅस आहेच.

असो. लोभ असावा.