अंधाराचे जामीनदार

बँकेत तीस-बत्तीस वर्षे कर्जाचे अर्ज तपासताना मी अर्जदाराच्या आधी जामीनदाराचे नाव वाचत असे. उद्या अडचण आली तर मागे उभे कोण राहणार, हे आधी पाहायचे. लडाखमध्ये हानलेची वेधशाळा पाहायला गेलो, तेव्हाही ही सवय सुटली नाही.

समुद्रसपाटीपासून ४५०० मीटर उंचीच्या डोंगरावर बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची ही वेधशाळा आहे. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव दिलेली तिथली दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००० सालापासून आकाश न्याहाळते आहे. हवा विरळ आणि कोरडी, त्यामुळे एरवी बाष्पात अडकणारे अवरक्त किरणही आरशापर्यंत पोहोचतात. गंमत म्हणजे निरीक्षक बसतो बंगळूरजवळच्या होसकोटेला आणि उपग्रहामार्फत दुर्बीण फिरवतो. जवळच गॅमा किरणांमुळे वातावरणात उमटणारी क्षीण चमक टिपणारी २१ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या या दुर्बिणीचे उद्घाटन २०२४ साली झाले.

हे सारे पैशाने आणि बुद्धीने उभे राहते. अंधार मात्र विकत मिळत नाही. संध्याकाळी आमच्या यजमानीणबाईंनी दिवा लावण्याआधी खिडकीचा जाड पडदा ओढून घेतला, आणि मला जामीनदार सापडला. २०२२ साली इथला सुमारे १०७३ चौरस किलोमीटर प्रदेश अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तो राखला जातो तो अशा पडद्यांमुळे.

जामीनदाराची व्यथा मी जवळून पाहिली आहे. सही त्याची, लाभ दुसऱ्याचा. इथे मात्र गावातल्या तरुण-तरुणींना लहान दुर्बिणी आणि प्रशिक्षण मिळाले. पाहुण्यांना तारे दाखवून त्यांच्या हाती चार पैसे येतात. हे उपकार नव्हेत, देणे आहे. उद्या रस्ते आणि हॉटेले वाढतील, तेव्हा नुसत्या नियमाने अंधार टिकणार नाही. या घरांना तो परवडला, तरच टिकेल.

आपल्याकडेही जुन्नरजवळ गिरवलीच्या डोंगरावर पुण्याच्या 'आयुका'ने २००६ साली दोन मीटरचीच दुर्बीण उभारली. तिला जामीन कोण? परतल्यावर मी सोसायटीच्या सभेत गच्चीवरच्या, रात्रभर आकाशाकडे तोंड करून जळणाऱ्या दिव्याचा विषय काढला. लगेच चोरांची भीती पुढे आली. अखेर दिवा राहिला, पण त्याचे तोंड जमिनीकडे वळले.

रक्कम अगदीच किरकोळ आहे, पण कागदावर सही झाली.