शेकोटी ओट्यावर नको, कॉमन प्लॉटमध्ये हवी

फार्महाउस आणि रिसॉर्टच्या फोटोंमधून शहरी घरांत ज्या हौसा उतरल्या, त्यांत 'फायर पिट' ही आता ठळक हौस झाली आहे. फरशी घातलेल्या अंगणाच्या मधोमध गोल दगडी कुंड, भोवती खुर्च्या आणि मध्ये जाळ. अमेरिकेतल्या घरामागच्या ऐसपैस अंगणात हे शोभतंही. पण सुरतच्या डिंडोलीत रो-हाउसचा ओटा म्हणजे दहा-बारा फूट रुंदीची, कोटा किंवा पार्किंग टाइल्स बसवलेली जागा. तिथेच दोन दुचाक्या, तुळशीचं वृंदावन, चपलांचं कपाट आणि दोरीवर वाळणारे कपडे. अशा तयार ओट्यावर आगीची कायमची जागा करावी का, तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. सोसायटीत तशी जागा असावी का, या प्रश्नाला मात्र मी हो म्हणेन. ती एकच असावी, सर्वांची असावी आणि कॉमन प्लॉटच्या मातीत खणलेली असावी.

ओट्याला नकार देण्याचं पहिलं कारण फरशीतच आहे. काँक्रीट वरून कितीही सुकं दिसलं तरी त्याच्या पोटात पाणी असतं. शंभर अंशांच्या पुढे त्याची वाफ होते, आणि तिला वाट मिळाली नाही तर पृष्ठभागाच्या खपल्या उडतात, कधी फटाक्यासारख्या आवाजासकट. तीनशे अंशांनंतर काँक्रीटची ताकद घटू लागते, साडेचारशेच्या आसपास सिमेंटमधला विरलेला चुना विघटित व्हायला लागतो आणि ५७३ अंशांना वाळूतली गारगोटी आपली रचना बदलून फुगते. लाकडाचे निखारे हे सगळे आकडे सहज ओलांडतात. कोटा हा चुनखडीचा दगड. त्याचं फुगणं वेगळं आणि खालच्या मालाचं वेगळं, म्हणून फरशी उचलते. दुसऱ्या दिवशी राख झाडल्यावर काळा डाग दिसतो, तो पुसताही येईल. पण त्या जागी नाणं आपटलं की पोकळ आवाज येतो, आणि ती जागा दुरुस्त करायला कडियालाच, म्हणजे गवंड्यालाच, बोलवावं लागतं. विटा आणि रेतीचा थर घातला की नुकसान कमी होतं, हे खरं. होळीच्या रात्री डांबरी रस्ता वाचवण्यासाठी तेवढं पुरतंही. पण वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी जाळ करायचा तर उष्णता झिरपतेच.

मग फरशी फोडून खड्डाच करावा, असं कोणी म्हणेल. इथे दुसरी अडचण येते. या घरांच्या ओट्याखाली बहुधा पाण्याची टाकी असते, बाजूने ड्रेनेजची लाइन आणि तिचा चेंबर जातो, भिंतीवर पाइप गॅसचा मीटर असतो. वर पाहावं तर उन्हा-पावसासाठी टाकलेलं फायबरचं शेड. शेजारी उभ्या दुचाकीच्या टाकीत पेट्रोल, नाहीतर चार्जिंगला लावलेली बॅटरीची गाडी. उघड्या जाळापासून भिंत आणि छप्पर निदान दहा फूट लांब असावं, हा साधा दंडक. ज्या ओट्याची रुंदीच तेवढी, तिथे तो पाळायचा कसा? हा प्रश्न बजेटचा नाही, भूमितीचा आहे. महागडं कुंड आणलं म्हणून भिंत मागे सरकत नाही.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडची आग एकट्या कुटुंबाची कधी नव्हतीच. डिंडोली, नवागाम, लिंबायत, उधना या पट्ट्यात जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली हजारो खान्देशी कुटुंबं लूम आणि मिलच्या कामामुळे स्थिरावली. त्यांच्या गावाकडे हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होते. भरताची हिरवी वांगी (जळगावच्या या वांग्यांना भौगोलिक मानांकनही आहे) पऱ्हाट्यांच्या भरभर पेटणाऱ्या जाळावर भाजतात, सालं काढून लाकडी बडगीत ठेचतात, वर मिरची, लसूण, कांद्याची पात, आणि जेवायला पंचवीस-तीस माणसं. गॅसच्या बर्नरवर एकेक वांगं भाजून त्याची चव येत नाही, हे त्या घरातली कोणतीही बाई सांगेल. सुरतकरांचा पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, निखाऱ्यावरच भाजला जातो. दक्षिणेला वलसाडच्या बाजूला मडकं उलटं करून भोवती जाळ करतात आणि उंबाडियुं शिजवतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या काठीची राजवाडी होळी तर साऱ्या सातपुड्याला बोलावते. या सगळ्यांत ऊब ही दुय्यम गोष्ट आहे. सुरतच्या थंडीत पारा बहुतेक रात्री चौदा-पंधरा अंशांच्या खाली उतरत नाही. ऊब हवी असेल तर शाल पुरते. इथे आग हवी ती भाजायला, पेटवायला आणि भोवती बसायला. या तिन्ही कामांना माणसं लागतात आणि माणसांना जागा.

होळीचंच पाहा. पूर्वी आधी खड्डा खणायचा, मध्ये एरंड रोवायचा, मग लाकडं आणि गोवऱ्या रचायच्या, हा क्रम होता. रस्ते पक्के झाले, खड्डा गेला आणि होळी रस्त्यावर चढली. पाण्याच्या बाबतीत याच शहराने वेगळी वाट काढली आहे. गणेश विसर्जनाचा भार तापीवर पडू नये म्हणून महापालिका दरवर्षी कृत्रिम तलाव करते. डिंडोलीत उत्तर भारतीयांच्या छठपूजेसाठी छठ सरोवर आहे. म्हणजे श्रद्धेच्या पाण्याला नीट बांधलेली जागा द्यावी लागते, हे आपण मान्य केलं. आग मात्र अजून आपण चौकात, वीजतारांच्या खाली, जिथे जमेल तिथे पेटवतो.

यावर आक्षेप येणार, आणि ते हलके नाहीत. सुरतमध्ये आगीविषयी बोलताना २४ मे २०१९ विसरता येत नाही. सरथाण्यातल्या तक्षशिला आर्केडमध्ये त्या दिवशी २२ जणांचा जीव गेला. पण त्या दुर्घटनेने दाखवलं ते असं, की पेट घेणारं छप्पर आणि अपुरी वाट माणसं मारतात. उघड्या मैदानात, चहूबाजूंनी दहा-पंधरा फूट मोकळं ठेवून, रेतीच्या बादल्या आणि पाण्याचा पाइप हाताशी असताना केलेली आग ओट्यावरच्या आगीपेक्षा कितीतरी सुरक्षित. धुराचा आक्षेप मला अधिक खरा वाटतो. दमेकऱ्याच्या खिडकीखाली ओलं लाकूड जाळण्याचा हक्क कोणालाच नाही. म्हणून सुकी पऱ्हाटी, गोवऱ्या किंवा शेणाची गौकाष्ठं, रात्री दहापर्यंतची वेळ आणि वर्षातले ठरलेले मोजके दिवस. घरोघरी शेकोट्या झाल्या तर हा नियम कोण पाळेल? एकच जागा असली तर पाळता येतो. प्लास्टिक आणि टायर टाकणाऱ्याला हटकताही येतं.

उरलेले दिवस खड्ड्याचं काय करायचं, हा व्यवहारी प्रश्न. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि खड्डा उघडा राहिला तर डासांचा कारखाना होईल. त्यासाठी काठ जमिनीपेक्षा वीतभर उंच, तळाशी खडी आणि रेती, आतून भट्टीच्या किंवा चांगल्या भाजलेल्या विटा, सांध्यांना सिमेंटऐवजी माती, आणि वर लोखंडी झाकण. चार फूट व्यास, दीड फूट खोली भरपूर झाली. नदीतले गोटे तेवढे लावू नका. त्यांच्यात मुरलेलं पाणी तापलं की ते फुटतात. झाकण बंद असताना लग्नाचा मंडप बाजूला उभा राहील, पोरांचं क्रिकेटही चालेल. संपूर्ण कॉमन प्लॉटलाच पेव्हर ब्लॉक लावून टाकलेल्या सोसायट्यांनी मात्र एक कोपरा उकलावा. मातीचा कोपरा राहिला तर पाणीही थोडं मुरेल.

'माझ्या ओट्यावर मी काहीही करीन' म्हणणाऱ्यांसाठी पायांची लोखंडी शेगडी आहे. खाली विटांचा थर घालावा, गाड्या बाहेर काढाव्यात, शेडखाली पेटवू नये, आणि विझत आलेली शेगडी उबेसाठी खोलीत तर मुळीच नेऊ नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. काम झालं की ती उचलून ठेवता येते, हाच तिचा गुण.

होळी फाल्गुनात येते आणि सोसायटीच्या सभेत जागा ठरवणं, खणणं, विटा बसवणं याला दोन-तीन महिने सहज जातात. तेव्हा दिवाळीनंतरच्या पहिल्या सभेत हा विषय लेखी द्या, सोबत जागेचा नकाशा आणि कडियाचा अंदाजखर्च जोडा, आणि कॉमन प्लॉटला लागून ज्यांच्या खिडक्या आहेत त्यांची संमती सर्वांत आधी घ्या.