दाढेंतील चौथी नळी

गेल्या श्रावणांत आमच्या डोंबिवलीच्या घरीं धाकट्या काकूंची वरची उजवी दाढ पुन्हां दुखूं लागली. दोन वर्षांपूर्वींच तिचा 'रूट कॅनाल' होऊन वर कॅपहि बसली होती. तरीहि गरम चहा लागतांच कळ मस्तकांत जाई. "आंतली नस काढून टाकलेल्या दाढेला दुखण्याचा अधिकारच काय?" असा काकांचा प्रश्न होता. दंतवैद्यानें काम वाईट केलें, असा निकालहि घरांत लागून गेला.

तो निकाल सर्वस्वीं न्याय्य नव्हता. दाढेच्या प्रत्येक मुळांत केसासारखी बारीक नळी असते व तींत दंतमज्जा असते. कीड आंत पोंचली म्हणजे त्या सर्व नळ्या स्वच्छ करून भराव्या लागतात; एक राहिली तरी दुखणें राहतें. परंतु नळ्या किती, हें वरून दिसत नाहीं. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेस मुळें बहुधा तीन असतात, म्हणून नळ्याहि तीनच असाव्या असें वाटतें. पण गालाकडील पुढच्या मुळांत दुसरी नळी निम्म्याहून अधिक माणसांत सांपडते! ती इतकी अरुंद व आडबाजूस असते कीं, शोधणाराचाच कस लागतो.

ही विविधता नवीन नव्हे. स्वित्झर्लंडमधील वॉल्टर हेस यांनीं काढलेल्या दातांच्या नळ्यांत रबर भरून, दात आम्लांत विरघळवून, आंतल्या पोकळीचे जणुं सांचे काढले. १९२५ साली इंग्रजींत आलेला त्यांचा ग्रंथ पाहतां दांताचें अंतरंग झाडाच्या मुळांप्रमाणें फाटे फुटलेलें दिसतें. पुढें १९८४ मध्यें व्हर्टुची यांनीं नळ्यांच्या रचनेचे आठ प्रकार सांगितले. तेच आज विद्यार्थ्यांना शिकवितात. पण हें सर्व काढलेल्या दातांवर. तोंडांत असलेला दात कोण विरघळवूं देणार?

येथें क्ष-किरणांची गरज लागते. जर्मनींत ओटो वॉल्कहॉफ यांनीं १८९६ च्या जानेवारींत, राँटगेन यांचा शोध नुकताच प्रसिद्ध झाला असतांना, पंचवीस मिनिटें निश्चल राहून स्वतःच्या दातांचें चित्र घेतलें. आज तें क्षणार्धांत निघतें, परंतु तें सपाटच. ठाणें स्थानकावर एकामागें एक उभ्या असलेल्या दोघांचें छायाचित्र समोरून घेतलें तर मागचा दिसणार नाहीं. तीच गत एका मुळांतील दोन नळ्यांची. ही अडचण 'कोन बीम सीटी' या यंत्रानें पुष्कळ अंशीं दूर केली. दंतकार्यासाठीं १९९८ च्या सुमारास इटलींत तें पुढें आलें. किरणांचा शंकूसारखा झोत डोक्याभोंवतीं फिरतो, आणि संगणकावर दाढेच्या काकडीसारख्या चकत्या हव्या त्या बाजूनें पाहतां येतात.

याच यंत्रानें निरनिराळ्या देशांतील लोकांचे दात तपासले जात आहेत. खालच्या दुसऱ्या दाढेंत इंग्रजी 'सी' अक्षरासारखी एकच वांकडी नळी चीन व कोरिया येथें बरीच आढळते; आपल्याकडे त्या मानानें कमी. म्हणून परक्या देशांतले आंकडे इकडे जसेच्या तसे चालत नाहींत.

मात्र प्रत्येक दुखऱ्या दांताला हें चित्र हवें, असें नव्हे. साध्या चित्रापेक्षां यांत किरण अधिक लागतात, खर्चहि अधिक. अमेरिकेंतील तज्ज्ञांच्या संस्थांचा २०१५ चा अभिप्रायहि असाच कीं, आधीं साधें चित्र. नळी अधिक असल्याचा संशय असेल, किंवा उपचार पुन्हां करावयाचा असेल, तर हें, आणि तेंहि लहान भागापुरतें. स्त्री गरोदर असल्यास तिनें तें आधींच सांगावें. धातूच्या कॅपमुळें चित्रांत रेघोट्या उमटतात, हीहि एक अडचण आहे.

काकूंना ठाण्यास नेलें. रेघोट्या होत्याच; तरी चकत्यांत त्या मुळांत भरलेल्या नळीशेजारीं एक बारीक काळा ठिपका रिकामा दिसला. तीच चौथी नळी. दुसऱ्या दंतवैद्यांनीं भिंगाखालीं ती शोधून भरली, व महिन्याभरांत चहा पूर्ववत् सुरू झाला. अशी रचना पुष्कळदां दोन्ही बाजूंस सारखी असते, म्हणून डाव्या दाढेची नोंदहि त्यांनीं कागदावर लिहून दिली. तो कागद काकूंनीं रेशनकार्डाच्या पिशवींत ठेवला आहे.