तासावर काम, मग सुट्टीचं काय?

दिवाळीच्या पाडव्याला पुण्यात होते, म्हणून भाच्याला भेटायला मॉलमध्ये गेले. बेळगावातून पदवी घेऊन तो तिकडे गेलाय. सकाळी कोर्स आणि दुपारनंतर बर्गरच्या काउंटरवर नोकरी, पगार तासावर. ब्रेकमध्ये मी नेलेली चकली खात होता, तेव्हा सहज विचारलं, "आज डबल मिळणार ना रे?"

"तासावर काम आहे की आत्या. जेवढे तास तेवढे पैसे. आम्हाला कुठली सुट्टी?"

"आणि १५ ऑगस्टला?"

"त्या दिवशीपण केलं की. सहा तास."

मोबाइलवर त्याने पगाराची स्लिप दाखवली. १५ ऑगस्टचे सहा तास इतर दिवसांसारखेच धरले होते. मी आयुष्यभर पगारपत्रकं केली, त्यामुळे गप्प बसवेना.

मुलांनो, ही समजूत तुमच्यापैकी अनेकांची असते, म्हणून या वेळी हाच विषय घेतला. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांसाठी २०१७ चा कायदा आहे. कामगार कोण हे सांगताना तो पगार महिन्यावर की तासावर असा भेद करत नाही. त्यात वर्षाला ८ भरपगारी सणसुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ४ ठरलेल्या. उरलेल्या ४ मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट पगार, शिवाय दुसऱ्या दिवशी बदली सुट्टी. साप्ताहिक सुट्टी यात मोजायची नाही, ती वेगळी.

हिशेब मांडून बघा. समजा तासाला ८० रुपये आहेत. सहा तासांचे ४८० होतात. १५ ऑगस्टला तेवढंच काम केलं तर ९६० रुपये आणि वर एक सुट्टी. पाडव्याचं मात्र त्या ४ सणांत तो आहे का यावर अवलंबून. भाच्याला ते ४ सण कोणते हेच माहीत नव्हतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

इकडे बेळगावात, निपाणीत काम करणाऱ्यांना कर्नाटकाचा कायदा लागू होतो. राष्ट्रीय आणि सणांच्या सुट्ट्यांचा हा कायदा १९६३ चा. त्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर आणि आणखी ५ सण, अशा १० सुट्ट्या आहेत. १ नोव्हेंबरबद्दल आपल्या घरांत काहीही बोललं जात असो, पगाराच्या हिशेबात ती सुट्टी आहे. त्या दिवशी काम केलं तर दुप्पट पगार, किंवा नेहमीचा पगार आणि दुसरी भरपगारी सुट्टी. थोडक्यात, घर कुठलं हे न बघता काम कुठल्या राज्यात आहे ते बघायचं.

भाच्याने मॅनेजरला विचारलं का? लगेच नाही. तो म्हणाला, "आत्या, विचारलं की पुढच्या आठवड्यात तास कमी लावतात." ही भीती खोटी नाही. तासावरच्या नोकरीत काढून टाकावं लागत नाही, रोस्टरमधले तास कमी केले की पुरतं. म्हणून तो एकटा गेला नाही. १५ ऑगस्टला कामावर असलेले चौघे मिळून गेले. भांडले नाहीत. सगळ्यांनी स्लिपा दाखवल्या आणि ईमेलवर दोन ओळी लिहिल्या. पुढच्या पगारात फरकाची रक्कम आली. बदली सुट्टी अजून मिळायची आहे. एका आठवड्यात त्याचे चार तास कमी लागले, तेही त्याने वहीत लिहून ठेवलंय.

तुम्हीही एवढं करा. रोस्टरचा दर आठवड्याला फोटो काढा. स्लिप जपून ठेवा. दुकानात किती माणसं नोंदीवर आहेत ते बघा, कारण अगदी लहान दुकानांना महाराष्ट्राचा कायदा जसाच्या तसा लागू होत नाही. डिसेंबरात विचारा, "पुढच्या वर्षीचे सण कोणते धरलेत?" उत्तर लेखी मागा. नुसती टोलवाटोलवी झाली तर कामगार खात्याच्या कार्यालयात जा.

आणि आपण, जे सणाच्या संध्याकाळी घरात स्वयंपाक नको म्हणून बाहेर जेवायला जातो, त्यांनी काउंटरपलीकडच्या मुलाला एकदा विचारावं, "आजचे डबल मिळतात ना?" मिळत असतील तर तो हसेल. माहीत नसेल तर निदान घरी जाऊन स्लिप उघडून बघेल.