सव्वीस क्रमांकाचा रकाना आणि आपला स्पीड

प्लॅन पन्नास एमबीपीएसचा, रिचार्ज वेळेवर केलेले, तरी डाउनलोड वीसच्या पुढे सरकत नाही. तक्रार केली की माणूस येतो, फायबरचा जोड तपासतो, राउटर बदलून बघतो, आणि स्पीड आहे तिथेच राहतो. अशा काही तक्रारींचे मूळ वायरीतही नसते आणि राउटरमध्येही नसते. ते ऑपरेटरच्या सर्व्हरवरच्या एका ओळीत असते. परंड्यापासून उमरग्यापर्यंत लहान ऑपरेटरही घराघरांत नेट देत असताना ती ओळ ग्राहकाने आणि ऑपरेटरनेही समजून घेतली पाहिजे.

घरातला राउटर चालू झाला की युजर आयडी आणि पासवर्ड पाठवतो. ऑपरेटरचा मुख्य बॉक्स त्याची खातरजमा रेडियस सर्व्हरकडून करून घेतो. सर्व्हर नुसता होकार देत नाही, सोबत अटीही पाठवतो: आयपी पत्ता कोणता, कनेक्शन किती वेळ ठेवायचे, स्पीड किती द्यायचा. ही पद्धत डायल-अपच्या काळातली. लिव्हिंगस्टन या अमेरिकी कंपनीने १९९१ मध्ये ती मोडेमच्या रांगांसाठी तयार केली. आपल्याकडे संचारनेटसाठी १७२२३३ फिरवून मोडेमचा आवाज ऐकत बसणारी पिढी अजून आहे. मोडेम गेले, फायबर आले, पण रेडियस टिकले. जून २००० चा आरएफसी २८६५ हा दस्तऐवज आजही त्याचा पाया आहे.

त्यात प्रत्येक अटीला एक क्रमांक आहे. ८ म्हणजे आयपी पत्ता, २७ म्हणजे सत्राची मुदत. क्रमांकाला जागा एकाच बाइटची, म्हणजे २५५ च्या पुढे जाताच येत नाही. आणि स्पीडसाठी सर्वमान्य क्रमांक या यादीत नाहीच. कंपन्यांच्या खास गोष्टींसाठी २६ हा क्रमांक राखून ठेवला आहे. सातबाऱ्यावर जसा ‘इतर अधिकार’ हा रकाना असतो, तसा हा रकाना. त्यात आधी कंपनीचा नोंदणी क्रमांक येतो, सिस्कोचा ९, हुआवेचा २०११, मायक्रोटिकचा १४९८८, आणि पुढे त्या कंपनीच्या पद्धतीने मजकूर.

ही शिस्त सगळ्यांनी पाळली असे नाही. डायल-अपच्या काळात असेंड कंपनीने २६ चा रकाना सोडून २५५ पासून खाली येत थेट मुख्य यादीतलेच क्रमांक वापरले. त्यातले २४१ ते २५५ हे तर वापरू नयेत म्हणून राखून ठेवलेले होते. पुढे २०१३ मध्ये यादी वाढवण्यासाठी २४१ ते २४६ हे क्रमांक अधिकृतपणे घेतले गेले, तेव्हा जुन्या असेंडच्या नोंदींशी त्यांची टक्कर झाली. यूएस रोबोटिक्सने २६ चा रकाना वापरला, पण आतल्या उपक्रमांकाला एका बाइटऐवजी चार बाइट दिले. त्यामुळे तिची नोंद वाचायला सर्व्हरला वेगळा नियम शिकवावा लागला.

आता पन्नासचे वीस कसे होतात ते पाहू. मायक्रोटिकला स्पीड सांगायचा तर पाकिटात क्रमाने जाते ते असे: २६, एकूण लांबी १५, कंपनी १४९८८, उपक्रमांक ८, त्याची लांबी ९ आणि मग सात अक्षरांचा मजकूर, ‘20M/50M’. यातला पहिला आकडा ऑपरेटरच्या बॉक्सकडे येणारा, म्हणजे ग्राहकाचा अपलोड. दुसरा आकडा डाउनलोड. ग्राहकाच्या बाजूने विचार करून कुणी डाउनलोड आधी लिहिले की आकडे उलटतात आणि पन्नासवाल्याला वीस मिळतात. सिस्कोच्या बॉक्सची तऱ्हा निराळी. तिथे बहुधा आकडे जात नाहीत, पॉलिसीचे नाव जाते, आणि त्या नावाची पॉलिसी बॉक्सवर आधीच तयार असावी लागते. मायक्रोटिकसाठी लिहिलेली नोंद सिस्कोला पाठवली तर तो ती साधारणपणे सोडून देतो. लॉगिन होते, मर्यादा मात्र लागत नाही. एकाला फुकट स्पीड मिळतो आणि त्याच लाइनवरचे बाकीचे रखडतात.

आपल्याकडे अशी सरमिसळ होणारच. ‘क’ वर्गाचा इंटरनेट परवाना दूरसंचारच्या एका एसएसएपुरता, म्हणजे एका दुय्यम स्विचिंग क्षेत्रापुरता असतो. असा ऑपरेटर एकदम सगळी यंत्रणा उभी करत नाही. एक बॉक्स आज घेतो, दुसरा दोन वर्षांनी, तिसरा कुणाकडून जुना. सल्लागार सांगतात, सगळे एकाच कंपनीचे घ्या. मला हा सल्ला चुकीचा वाटतो. त्याने ऑपरेटर एका विक्रेत्याला बांधला जातो आणि त्या विक्रेत्याची दरवाढ शेवटी ग्राहकाच्या बिलात येते. २६ च्या रकान्यामुळे वेगवेगळी यंत्रे एका सर्व्हरवर चालू शकतात.

उपाय खर्चिक नाहीत. प्लॅन स्वतःच्या डेटाबेसमध्ये साध्या भाषेत ठेवावा: नाव, अपलोड, डाउनलोड. कोणत्याही कंपनीची भाषा तिथे शिरू देऊ नये. विचारणा कोणत्या बॉक्सकडून आली हे त्याच्या आयपी पत्त्यावरून ओळखावे आणि त्या बॉक्सपुरतेच भाषांतर सर्व्हरवर एकाच ठिकाणी करावे. फ्रीरेडियससारख्या मोफत सर्व्हरमध्ये ही सोय आहे आणि शेकडो कंपन्यांच्या उपक्रमांकांचे अर्थ सांगणाऱ्या डिक्शनरी फाइलीही त्यात आहेत. नोंद समजली नाही तर लागू होईल असा मूळ वेग प्रत्येक बॉक्सवर लावून ठेवावा. नवा बॉक्स जोडला की एका चाचणी खात्याने अपलोड आणि डाउनलोड दोन्ही मोजावे, मगच त्यावर ग्राहक घ्यावेत.

वापराच्या हिशेबाचेही तेच. जुनी मोजणी ३२ बिटांची, म्हणजे चार जीबीला ती पुन्हा शून्यावर येते. किती वेळा फिरली हे सांगणाऱ्या ५२ आणि ५३ क्रमांकांच्या नोंदी सर्व्हरने वाचल्या नाहीत तर चाळीस जीबीचा वापर नोंदीत चारपेक्षाही कमी दिसतो. डिसेंबर २०२१ पासून परवान्याच्या अटीनुसार वापराच्या नोंदी किमान दोन वर्षे जपाव्या लागतात. चुकीच्या नोंदी जपून काय साधणार?

म्हणून ऑपरेटरांना, आणि नेटची सामग्री विकत घेणाऱ्या महाविद्यालयांना, बँकांना, नगर परिषदांना माझे सांगणे आहे: खरेदीच्या अटींत दोन ओळी घाला. विक्रेत्याने पूर्ण डिक्शनरी फाइल द्यावी आणि आपल्या रेडियस सर्व्हरवर चाचणी करून दाखवावी. त्याशिवाय बिल निघणार नाही. ग्राहकांनी एवढेच करावे: तक्रार नोंदवताना ‘नेट स्लो आहे’ असे मोघम न सांगता डाउनलोड आणि अपलोड हे दोन्ही आकडे मोजून सांगावेत. आकडे उलटे आहेत की मर्यादाच लागलेली नाही, हे जाणत्या ऑपरेटरला तेवढ्यावरून कळते.