हरलेल्या संपाचा हिशेब

रेल्वे कामगारांनो आणि प्रवासी नागरिकहो,

८ मे १९७४ रोजी सुरू झालेला रेल्वेचा संप २० दिवसांनी, एकही मागणी पदरात न पडता, मागे घेतला गेला. तेव्हापासून ‘तो संप फसला’ असे ऐकवले जाते आणि आता कामगारही त्याला माना डोलावू लागले आहेत. आमचे म्हणणे एवढेच, की हा हिशेब चुकीच्या तारखेला मिटवलेला आहे. सगळ्यांत गाजलेली मागणी होती बोनसची. १९६५ च्या बोनस कायद्याने सरकारी खात्यांमार्फत चालणारे उद्योग वगळले होते. १९७२ मध्ये किमान बोनस ४ टक्क्यांवरून ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाला एक पगार, झाला. तो परळच्या गिरणीतल्या साचेवाल्याला मिळे. परळच्याच रेल्वे वर्कशॉपातल्या फिटरला मिळत नसे. कारण पहिला कामगार आणि दुसरा म्हणे सरकारी नोकर! हाच ‘नोकर’ तासांच्या बाबतीत कसा वागवला जाई तेही पाहा. १९४७ च्या राजाध्यक्ष निवाड्याने ‘अधूनमधून काम’ या वर्गात घातलेल्यांना आठवड्याला ७५ तासांपर्यंत राबवण्याची मुभा दिली होती. ऑगस्ट १९७३ मध्ये इंजिनावरच्या कामगारांनी मान्यताप्राप्त युनियनांना बाजूला ठेवून संप केला आणि १० तासांच्या पाळीचे आश्वासन मिळवले. १९२४ साली स्थापन झालेल्या ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनला तो चटका बसला. त्याच वर्षी फेडरेशनचे अध्यक्षपद पीटर अल्वारिस यांच्याकडून जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे गेले ते या असंतोषाच्या जोरावर.

इथे पहिला आक्षेप येतो: संप राजकीय होता, एका महत्त्वाकांक्षी पुढाऱ्याचा खेळ होता. फर्नांडिस समाजवादी पक्षाचे अध्यक्ष होते हे खरेच. पण फेब्रुवारी १९७४ मध्ये बनलेल्या संघर्षाच्या समन्वय समितीत आयटक होती, आणि आयटकमागचा भारतीय कम्युनिस्ट पक्ष त्या काळी इंदिरा गांधींच्या बाजूचा होता. सीटूही होती, भारतीय मजदूर संघाचे रेल्वे कामगारही होते. एरवी एका व्यासपीठावर न बसणारे हे लोक एका पुढाऱ्याच्या हौसेखातर एकत्र आले, हे कोणाला पटेल? बाहेर राहिली ती इंटकची फेडरेशन, म्हणजे सत्ताधारी पक्षाचीच. राजकारण शोधायचे तर तिथेही शोधावे. शिवाय २ मे रोजी, बोलणी चालू असताना, फर्नांडिस यांना लखनौला अटक झाली. वाटाघाटी कोणाला नको होत्या, हे त्या अटकेवरून दिसते.

दुसरा आक्षेप प्रामाणिक आहे. तेलाचे भाव चौपट झालेले, महागाईने शेतमजूर पिचलेला. अशा वेळी कायम नोकरीवाल्यांनी देश वेठीला धरावा का? लोकांचे हाल झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण संप मोडल्याने शेतमजुराला काय मिळाले? जुलै १९७४ मध्ये, सहा आठवडेही उलटले नसताना, वटहुकूम निघाला आणि वाढलेला पगार पुरा व वाढीव महागाई भत्ता निम्मा सक्तीने ठेवीत टाकला गेला. हा पैसा केवळ रेल्वेवाल्यांचा नव्हता. संपाला शिव्या घालणाऱ्या बँकेतल्या आणि कारखान्यातल्या पगारदाराच्याही खिशातून तो गेला. रेल्वे कामगार उभा असता, तर सरकारला हे इतक्या सहजी साधले असते असे आम्हांला वाटत नाही.

‘संपामुळे आणीबाणी आली’ हे तिसरे पालुपद. आणीबाणी आली तेरा महिन्यांनी, इंदिरा गांधींची निवडणूक रद्द करणाऱ्या अलाहाबादच्या निकालापाठोपाठ. विनाचौकशी डांबून ठेवणारा मिसा कायदा १९७१ पासून हाताशी होता. संपात मिसा आणि भारत संरक्षण नियमांखाली हजारो कामगार तुरुंगात गेले, बायकामुलांना क्वार्टरमधून बाहेर काढले गेले, गाड्या चालवायला प्रादेशिक सेना आणली गेली. ही आणीबाणीची रंगीत तालीम होती, आणि तिची जबाबदारी मार खाणाऱ्यावर टाकता येत नाही.

आता उरलेला हिशेब. १९७७ मध्ये राजापूरचे खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि बडतर्फ कामगार कामावर परतले. १९७९-८० या वर्षापासून रेल्वे कामगाराला उत्पादकतेशी जोडलेला बोनस मिळू लागला. निवडणुकीवर डोळा ठेवून दिला असेल, कोण नाही म्हणतो! पण निवडणुकीत मोजावी लागेल इतकी मोठी ती मागणी केली कोणी? आज दिवाळीपूर्वी खात्यात जमा होणारी ती रक्कम त्या २० दिवसांची आहे.

आणि एक मागणी मात्र आपण स्वतःच मागे टाकली. त्या मागणीपत्रात हंगामी मजुरांना कायम करा, असेही होते. कायम झालेल्यांनी ते पान उलटून टाकले. आज डबे धुणारा, फलाट झाडणारा कामगार ठेकेदाराचा आहे, आणि १९७४ चा फिटर जसा ‘कामगार’ नव्हता तसा हा ‘रेल्वेचा’ नाही. येत्या सभेत त्याला कायम करण्याचा ठराव आणा, आणि युनियनच्या वहीत त्याचे नाव घालून घ्या.