गिअरबॉक्स नवा, पण पाणी जुनेच!



दर आठवड्याला आपण बी-बियाणे, खते, फवारणी यांबद्दल बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण तो तुमच्या अंगणातलाच आहे. आपल्या माण, खटाव, आटपाडी, खानापूर भागातली कितीतरी पोरे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. तिकडे नवी मोटार घेतली की जुनी मोटार गावी भावाच्या दारात येऊन उभी राहते. अशा मोटारींत अलीकडे सात-आठ माणसे बसणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्याही दिसू लागल्या आहेत. क्लच दाबणे नाही, गिअर बदलणे नाही. चालवायला लोण्यासारखी! पण गिअरबॉक्स गेला की एखाद्या पिकाचे पैसे एका दमात घेऊन जातो.

म्हसवडकडच्या एका वस्तीवरील शेतकऱ्याचे असेच झाले. घरात म्हातारी आई, तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते. त्यामुळे ही गाडी म्हणजे चैन नव्हती, गरज होती. एक दिवस गाडी चढाला थांबली. मला म्हणाला, "साहेब, इंजन नुसतं बोंबलतंय, पर गाडी जागची हालत न्हाई." शहरातल्या एका गॅरेजने गिअरबॉक्स खोलून, आतले भाग बदलून पुन्हा बसवून दिला. डाळिंबाची पट्टी आली होती, ती सगळी त्यात गेली. दोन महिने गाडी झकास चालली आणि पुन्हा तेच! गॅरेजवाला म्हणे, तुम्ही गाडी वाईट चालवली. हा म्हणे, तुम्ही माल हलका घातला.

मी काही मिस्त्री नव्हे. पण रोप वाळले की शेंड्याकडे न बघता मुळाकडे बघायचे, एवढे शेतीच्या शिक्षणाने शिकवले आहे. इंजिन पुरते थंड झाल्यावर मी रेडिएटरचे झाकण काढायला लावले. पाण्यावर तेलाचा तवंग! गिअरबॉक्सची तेलकांडी ओढली, तर तेल गुलाबीसर दुधाळ. विचारले, "दादा, रेडिएटरमध्ये पाणी कुठलं घालता?" उत्तर आले, "आपलं बोअरचंच की."

इथेच सगळा उलगडा झाला. तो नीट समजून घ्या.

साध्या गाडीत इंजिनाचा जोर क्लचप्लेटमधून जातो. बहुतेक जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत तो तेलातून जातो. बंद डब्यात दोन पंखे समोरासमोर असतात आणि डबा तेलाने भरलेला असतो. विहिरीवरच्या पंपातला इम्पेलर पाणी फेकतो, तसा इंजिनाकडचा पंखा तेल फेकतो आणि त्या माऱ्याने समोरचा पंखा फिरतो. या डब्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. तेलातून जोर पोहोचवण्याची ही युक्ती जर्मनीचे हेरमान फ्योटिंगर यांनी 1905 साली जहाजांसाठी काढली. पुढे 1939 साली अमेरिकेत जनरल मोटर्सने तेलाच्या जोडणीवर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोटारीत मोठ्या प्रमाणावर आणला. आतल्या चकत्या दाबून गिअर बदलण्याचे कामही तेलाचा दाबच करतो. म्हणजे इथे तेल नुसते वंगण नाही. ते ओढणारा बैलही आहे आणि हाकणारा गडीही.

एवढे काम करणारे तेल तापते. ते निववण्यासाठी पुष्कळ गाड्यांत तेलाची नळी रेडिएटरच्या टाकीतून फिरवलेली असते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला तेल, मध्ये पातळ पत्रा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात, हे ठिबकची तोंडे बुजतात त्यावरून तुम्हीच जाणता. तेच क्षार रेडिएटरमध्ये थर धरतात, धातू खातात आणि एक दिवस त्या पत्र्याला भोक पडते. मग तेल पाण्यात आणि पाणी तेलात. पाणी लागले की चकत्यांवरचा घासणारा थर सुटतो आणि गिअरबॉक्स निकामी होतो. गॅरेजने गिअरबॉक्स नवा केला, पण रेडिएटर जुनाच ठेवला. मर लागलेल्या जमिनीत औषध न घालता पुन्हा तेच रोप लावले, तर दुसरे काय होणार?

म्हणून गिअरबॉक्स उतरवायच्या आधी पुढील गोष्टी पदरात बांधा.

पहिली गोष्ट, घाईने खोलू नका. तेल कमी झाले, वायर तुटली, सेन्सर बिघडला, तरीही गाडी झटके देते. आधी तेलाची पातळी आणि रंग पाहावा, गळती शोधावी, कॉम्प्युटर लावून दोष वाचून घ्यावा. तेल काळे पडले आहे, जळका वास येतो आणि इंजिन जोर घेऊनही गाडी सरकत नाही, असे तिन्ही दिसले तर मात्र आतून काम निघाले असे समजा.

दुसरी, बिघाड का झाला हे विचारा. कारण सापडल्याशिवाय पैसे मोजू नका.

तिसरी, काय काय बदलणार ते कागदावर घ्या. चकत्या, सगळी सीले, फिल्टर आणि टॉर्क कन्व्हर्टर. जुना कन्व्हर्टर तसाच बसवला तर त्यातला कीस नव्या गिअरबॉक्समध्ये उतरतो. तेल निववणारी नळी व कूलर धुऊन घ्यावा, शंका असली तर बदलावा. पाणी-तेल एक झाले असेल तर रेडिएटर बदललाच पाहिजे. हमी किती महिन्यांची, हे बिलावर लिहून घ्या. तोंडी हमी म्हणजे वाऱ्यावरची वरात.

चौथी, बसवताना कन्व्हर्टर पंपाच्या खाचेत पूर्ण बसला आहे ना, हे मिस्त्रीने हाताने फिरवून पाहिले पाहिजे. अर्धवट बसलेला असताना बोल्ट आवळले तर आतला पंप पहिल्याच दिवशी फुटतो.

पाचवी, तेल. गाडीच्या पुस्तकात लिहिले आहे त्याच जातीचे तेल घाला. ट्रॅक्टरचे गिअर ऑइल यात चालत नाही. पातळीही पुस्तकात सांगितलेल्या रीतीने पाहावी. काही गाड्यांत ती इंजिन चालू ठेवून, तेल ठरलेले गरम झाल्यावर पाहतात. 2014 साली सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेल्या एएमटी प्रकारात मात्र साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच-गिअरचे काम यंत्र करते. त्याचे तेल वेगळे, दुरुस्तीही वेगळी. आपली गाडी कोणत्या प्रकारची, हे आधी विचारून घ्या.

गाडी घरी आली की पहिले काही दिवस भरगच्च माणसे घेऊन शिखर शिंगणापूरचा घाट चढू नका. रात्री खाली पुठ्ठा टाकून सकाळी तेलाचे थेंब पाहा. पहिले तेल बांधणाऱ्याने सांगितलेल्या मुदतीत बदला. 'हे तेल जन्मभर चालते' असे कोणी सांगितले तरी आपला उन्हाळा, धुरळा आणि घाट ध्यानात घ्या. अशा वापराला पुस्तकात बहुधा लवकरची मुदत दिलेली असते, ती पाळा.

रेडिएटरमध्ये कंपनीने सांगितलेले कूलंटच घाला. ते पातळ करायचे असेल तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते शुद्ध पाणी वापरा. उतारावर न्यूट्रल करू नका. गाडी पुरती थांबल्याशिवाय मागचा गिअर टाकू नका. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक दाबा. उभी करताना आधी हँडब्रेक ओढा, मग पी वर टाका. बंद पडली तर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत नेऊ नका. ओढणारी चाके जमिनीवर फिरली तर आत तेल नसताना भाग घासतात. गाडीवर गाडी चढवून न्यावी.

शेवटचा हिशेब घरातल्या सगळ्यांनी बसून करावा. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळ जात असेल, तर गाडी विकून साधी गिअरची घेणे बरे. आणि पीककर्जाचा पैसा गिअरबॉक्सात कधीही घालू नका. पेरणी थांबत नाही.

त्या शेतकऱ्याने दुसऱ्या वेळी रेडिएटर, कन्व्हर्टर, कूलर सगळे बदलून घेतले. त्यासाठी दहा मेंढ्या विकाव्या लागल्या. आता घरात कूलंटचा डबा ठेवला आहे आणि त्यावर त्याच्या मुलीने खडूने लिहिले आहे, 'आज्जीच्या गाडीचं पाणी. हात लावू नये.' आई वेळेवर दवाखान्यात पोहोचते. मेंढ्या पुन्हा होतील. पण हे पाणी पहिल्याच दिवशी बदलले असते, तर त्या विकाव्याच लागल्या नसत्या. तुमच्या दारात अशी गाडी असेल, तर उद्या सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडून पाहा.

बरे आहे. पुढच्या अंकी पुन्हा शेतात भेटू.